रात्रीची फडफड

दोन वर्षांपूर्वी नातीने घरी दोन पाखरे आणली. गालावर शेंदरी ठिपका, डोक्यावर तुरा. दुकानदार त्यांना ‘कॉकटेल’ म्हणत होता. मी म्हटले, माळकऱ्याच्या घरात हे नाव चालायचे नाही. तेव्हा नातीने सांगितले, खरा शब्द कॉकाटील, हा ऑस्ट्रेलियातला पोपट. आम्ही त्यांना चिंगी आणि बंडू म्हणू लागलो.

जीव कोंडून ठेवणे मला पटत नव्हते, आजही पुरते पटलेले नाही. आपल्याकडचे पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. ही पाखरे मात्र पिंजऱ्यातच जन्मलेली. इथे सोडली तर कावळ्या-घारींच्या तोंडी जाणार. तेव्हा आली आहेत तर सांभाळायची, एवढेच हाती होते.

पौषातल्या एका रात्री दोनच्या सुमारास पिंजऱ्यात एकदम आकांत उठला. पंख गजांवर आपटत होते, घंटी वाजत होती. मी धावत गेलो, ट्यूब लावली आणि चिंगीला धरायला पिंजऱ्यात हात घातला. भल्यासाठीच घातला. पण तिच्या लेखी तो कुणाचा तरी पंजाच होता. ती आणखी आपटली, माझ्या बोटाला कडकडून चावली आणि तिच्या पंखातून रक्त ठिबकू लागले. सुनेने तिला टॉवेलात अलगद धरले, जखमेवर कॉर्नफ्लोअर लावून कापूस दाबला, तेव्हा कुठे रक्त थांबले. मी बोट धुवायचेही विसरलो होतो.

सकाळी डॉक्टरांनी समजावले. उगवत्या पिसाच्या देठात रक्त असते. ते पीस मोडले की असे वाहते. आणि ही जात रात्री दचकणारीच. रानात ही पाखरे थव्याने राहतात. धोका वाटला की विचार न करता सगळी एकदम उडतात. मोकळ्या आभाळात ते शहाणपणाचे, पण पिंजऱ्यात उडायला जागा नाही आणि अंधारात बसायची दांडीही दिसत नाही. मोटारसायकलचा भिंतीवरून सरकणारा उजेड, पाल, एखादा पतंग, एवढेही कारण पुरते.

आम्ही पिंजरा खिडकीपासून हलवला. झोपाळा आणि घंटी रात्री काढून ठेवू लागलो. तीन बाजूंनी कापड, एक बाजू उघडी, आणि जवळ झिरोचा दिवा. डॉक्टरांनी एक गोष्ट मला बजावून सांगितली, “आजोबा, घाबरला असेल तेव्हा धरायचे नाही. आधी लांबून हळू बोला.”

आता रात्री दोन वाजता पाखराशी बोलायचे काय? पुढच्या खेपेला फडफड झाली तेव्हा मी पाटावर बसलो आणि तोंडात जे होते तेच बाहेर आले, रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी. थोड्या वेळाने चिंगी दांडीवर आली, बंडू तिच्या शेजारी सरकला. पाखराला नाम कळले, असे मी म्हणणार नाही. त्याच सुरात बेचा पाढा म्हटला असता तरी कदाचित ती बसली असती. पण मला पाढा म्हणवला नसता. मीही घाबरलेलोच होतो.

कीर्तनात तुकोबांची एक कथा ऐकली आहे. वाटेतली पाखरे त्यांना पाहून उडाली, तर ते खंतावून जागीच उभे राहिले, पाखरांची भीती जाईपर्यंत हलले नाहीत. लहानपणापासून ऐकत आलो. त्यात ‘हलले नाहीत’ एवढे दोन शब्द होते, ते मी कधी ऐकलेच नव्हते.

ज्येष्ठात वारीची वेळ आली आणि पाय अडखळला. रात्री पाखरे दचकली तर कोण उठणार? नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही जा. मी बघते.” तरी आळंदीला पोहोचेपर्यंत जीव घरीच होता.

नातेपुत्याच्या मुक्कामी रात्री राहुटीत पहिल्यांदाच आलेल्या एक आजी झोपेतून ओरडत उठल्या. रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला होता. बाया सावरायला धावल्या तशा त्या आणखी किंचाळल्या. आमच्या वीणेकरीबुवांनी सगळ्यांना मागे सारले, कंदिलाची वात थोडी वर केली आणि चार हातांवर बसून हळूहळू नाम घेऊ लागले. बऱ्याच वेळाने आजींनी विचारले, “माउली, आपण कुठं हावो?”

सकाळी मी घरी फोन लावला.

“रात्री उडाली का गं?”

“एकदा उडाली. मी हात नाही घातला, आजोबा. तुमच्यासारखं म्हणत बसले. मधेच झोप आली, तर नुसतंच हरी हरी झालं.”

“मग?”

“बसली. माझ्याआधी झोपली.”