बुडबुड्याची साक्ष

पवनी तालुक्यांतील आमच्या कोंढ्यास सायकलीचें पंक्चर काढणारा कारागीर ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यांत वीतवीत फिरवितो. शेवटीं व्हॉल्व्हच्या तोंडाशीं थुंकीचें बोट लावून क्षणभर थांबतो. उभा जन्म परीक्षा घेण्यांत घालविलेल्या आम्हांस ह्या परीक्षेचा हेवा वाटतो. तींत कोणास उत्तीर्ण करावयाचें नसतें. दोष शोधावयाचा असतो.

दाबलें असतां पुनः उसळून फट भरून काढणें, हा रबराचा गुण. 1839 सालीं चार्ल्स गुडइयर यांनीं गंधकाच्या साह्यानें तें टिकाऊ करण्याची युक्ति शोधली, आणि पुढें कोंडलेल्या हवेची राखण त्याच्याकडे आली. एस. टी. च्या मोटारीचा ब्रेक अशाच हवेच्या दाबावर चालतो. ती झिरपूं नये म्हणून आंत रबरी कड्या व पडदे असतात. प्रवाशांस त्यांचें नांवही ठाऊक नसतें, जीव मात्र त्यांच्या हवालीं असतो. त्यांची परीक्षाही साधीच : इंजिन बंद करून दाबाचा कांटा उतरतो काय तें पाहावयाचें, आणि सांध्यांवर साबणाचें पाणी लावून फेस उठतो काय तें पाहावयाचें.

परंतु बुडबुडा दिसणें ही निम्मीच परीक्षा होय. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या अग्निबाणांतील सांध्यांत तप्त वायु अडविण्यासाठीं रबरी कड्या होत्या. पूर्वीच्या उड्डाणांत त्या झिजलेल्या आढळल्या; पण यान सुखरूप परतलें, एवढ्यावर समाधान मानण्यांत आलें. थंडींत उड्डाण करूं नये, असें अभियंत्यांनीं आदल्या रात्रीं विनविलें. तें ऐकलें गेलें नाहीं. 28 जानेवारी 1986 रोजीं, उड्डाणानंतर 73 सेकंदांनीं, सात माणसें गेलीं. पुढें चौकशीच्या वेळीं रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानें तसल्या रबराचा तुकडा चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला. चिमटा सोडला, तरी रबर लवकर उसळेना. घमेल्याऐवजीं पेला, एवढाच काय तो फरक!

रबरानें आपला दोष कधीं लपविला नव्हता. उपकरणें उत्तम होतीं, माणसें विद्वान् होतीं. कमी पडलें तें नको असलेलें उत्तर खरें मानण्याचें धैर्य. पदव्यांनीं तें येतें, असा अनुभव आम्हांस तरी नाहीं. आमच्या कारागिरास तें रोज दाखवावें लागतें. कारण बुडबुडा आला, कीं केलेलें काम उखडून पुनः करावें लागतें, आणि तें तो मुकाट्यानें करतो.