टेढी की जाडी?

जयपुरात नाहरगडाचा वळणांचा उतार उतरताना ब्रेक दाबला की आमच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग थरथरायचं. मागे बसलेली आई सीट घट्ट धरायची. नुसत्या वेगात थरथरलं असतं तर चाकांचं बॅलन्सिंग पाहायचं. फक्त ब्रेकवर थरथरतं, म्हणजे संशय पुढच्या डिस्कवर.

‘डिस्क टेढ़ी हो गई,’ मिस्त्री म्हणाले. हिंदीत टेढी, मराठीत वाकडी, इंग्रजीतही ‘वार्प्ड’. पण डिस्क सहसा वाकत नाही. हबवरच्या गंजामुळे किंवा कमीजास्त आवळलेल्या नटांमुळे ती किंचित तिरकी बसते, दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते आणि तिथली जाडी बदलते. मिलिमीटरचे दोन-तीन शतांशही हाताला जाणवतात.

‘टेढी’ म्हटलं की डिस्क बदलून मोकळं होता येतं. ‘जाडी’ म्हटलं की कारण शोधावं लागतं. गंजक्या हबवर बसवलेली नवी डिस्कही काही हजार किलोमीटरांनी थरथरू लागते.

मिस्त्रींनी हब घासला, नवी डिस्क बसवली, डायल गेज लावून ती डोलत नाही ना ते पाहिलं, समोरासमोरचे नट सारखे आवळले. अनुवादात मी सोयीचा शब्द सहसा दुसऱ्या वाचनात पकडते. उतारावर दुसरं वाचन नसतं.