डोंगरातली पिकअप : भोर-वेल्ह्याची दैनंदिनी

सोमवार. कापूरहोळ ते भोर

रोहिणी नक्षत्र लागलं आहे. भोर तालुक्याच्या पश्चिम खोऱ्यांत राब कधीच भाजून झालेत, आता धूळवाफेवर भात पेरायची घाई आहे. कापूरहोळच्या फाट्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या बोलेरो पिकअपच्या हौद्यात खताच्या गोण्या आहेत, वर ताडपत्री आहे आणि ताडपत्रीवर क्लीनरचं पोरगं. मालक स्वतःच गाडी चालवतो. मूळचा हिरडोशी खोऱ्यातला, गाडी दुसऱ्या हाताची घेतलेली. भाडं काहीही असो, भात, खत, सिमेंट, जनावरांचा चारा, तो नाही म्हणत नाही.

या खोऱ्यांत आज जिकडेतिकडे पिकअप दिसते, पण ती आली फार उशिरा. टेल्कोनं पुण्याच्या कारखान्यातून टाटा ४०७ काढली १९८६ मध्ये, टाटामोबाइल २०६ ही पिकअप १९८८ मध्ये. पुढे २००५ मध्ये टाटा एस आला आणि लोकांनी त्याला लगेच ‘छोटा हत्ती’ करून टाकलं. दोन सिलिंडरचा, सुमारे ७०० सीसीचा हा हत्ती पेठांतल्या गल्ल्यांना फार सोयीचा. पण भरल्या वजनानिशी वरंधा घाटाचा चढ म्हटला की चार सिलिंडरचं, अडीच लिटरचं डिझेल इंजिन असलेली बोलेरो पिकअपच इकडच्या माणसाला भरवशाची वाटते.

भोरात शिरताच गाडी गॅरेजला लागली. मिस्त्री जुना आहे, त्यानं आधी स्पीडोमीटरकडे पाहिलं आणि मग हसला.

“पुस्तकात किती किलोमीटरला ऑइल लिहिलंय?”

“अजून दोन हजार जायचीयेत, काका.”

“ते सपाटीवरच्या गाडीला. तुझी दुसऱ्या गिअरवर चालती.”

हा हिशोब खरा आहे. पाच गिअरच्या पिकअपला पाचव्यात एक किलोमीटर जायला इंजिनाचे जेवढे फेरे लागतात, त्याच्या साधारण अडीच ते तीन पट फेरे तेवढ्याच अंतराला दुसऱ्या गिअरमध्ये पडतात. मीटर मात्र दोन्ही वेळा एकच किलोमीटर दाखवतो. त्यात चढावर इंजिन पुऱ्या ताकदीनं ओढत असतं, तेल तापतं, काजळी जास्त धरतं. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग तासांवर का मोजतात, ते इथे कळतं. पिकअप कंपन्यांनीही डोंगरी भागासाठी तासांचं मीटर द्यायला काय हरकत आहे? ते मिळेपर्यंत भोर-वेल्ह्याच्या गाडीवाल्यानं पुस्तकातला आकडा कमाल मर्यादा समजावा आणि त्याच्या बराच आधी ऑइल बदलावं. पुस्तकातही ‘कठीण वापर’ असा वेगळा रकाना बहुतेकदा असतो. तो कुणी वाचत नाही, एवढंच.

ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलून झाला. एअर फिल्टर काढून आपटला तर त्यातून पेंढ्याचा भुसा आणि लाल धूळ पडली. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेनं कागदी फिल्टर फुंकण्याची पद्धत इकडे आहे, पण त्यानं कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ सरळ सिलिंडरात जाते. मिस्त्रीनं नवीनच बसवला.

मंगळवार. भोर ते वरंध्याचा माथा

पहाटेच निघणं झालं, कारण उन्हाच्या आधी चढ संपवायचा. रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेनं जातो. पाणी आता खोल गेलेलं. हिरडोशीला निम्म्या गोण्या उतरल्या, उरलेल्या घेऊन गाडी शिरगावकडे निघाली. नीरेचा उगम याच शिरगावचा.

चढाला लागल्यावर तापमानाचा काटा हलू लागला. यात गूढ काही नाही. गाडी हळू, म्हणून रेडिएटरला समोरून वारा नाही. इंजिनावर मात्र ताण पुरा. अशा वेळी सगळी मदार पंख्यावर, त्याच्या पट्ट्यावर आणि रेडिएटरच्या टोपणावर असते. टोपणाचं महत्त्व फार थोड्यांना ठाऊक असतं. ते नुसतं झाकण नाही, ती दाबाची झडप आहे. आतला दाब वातावरणाच्या दाबाहून साधारण एक बार वर राहिला तर पाणी शंभरला न उकळता एकशे वीसच्या आसपास उकळतं. टोपणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं, आणि मालक उगाच वॉटर पंप बदलून येतो. रबर गेलेलं टोपण किरकोळ खर्चात बदलून मिळतं. आणखी एक खोड म्हणजे कूलंट कमी झालं की ओढ्याचं पाणी ओतणं. एकदा अडचणीत ठीक आहे. पण तेच चालू ठेवलं तर क्षार आणि गंज रेडिएटरच्या नळ्या बुजवतात.

काटा तीन चतुर्थांशावर गेल्यावर मालकानं गाडी बाजूला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही, थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. हे बरोबर. एकदम बंद केलं तर पंप आणि पंखा थांबतो आणि आतली उष्णता आतच राहते. टर्बोचंही तेच. चढ संपल्यावर मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवली तर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहतं. लगेच किल्ली फिरवली तर तिथलंच तेल करपतं.

या घाटात क्लचच्या जळक्या वासाची ओळख नाही असा चालक विरळा. समोरून एसटी आली, गाडी चढावर थांबली, की पुष्कळ जण हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. पाय दुखत नाही, गाडी मागे सरत नाही, झकास वाटतं. त्या वेळी क्लच प्लेट फ्लायव्हीलवर नुसती घासत असते. भरल्या गाडीनं असं करणाऱ्याची प्लेट सपाटीवरच्या गाडीच्या कितीतरी आधी संपते. हँडब्रेक ओढावा, न्यूट्रल करून क्लच पूर्ण सोडावा आणि निघताना हँडब्रेकवरून गाडी उचलावी. त्यासाठी हँडब्रेक चालू असला पाहिजे, आणि खरी गोम तिथेच आहे: इकडच्या कित्येक पिकअपचा हँडब्रेक म्हणजे शोभेचा दांडा, मागच्या चाकाखाली दगड लावायला क्लीनर. प्लेट गेली की नाही हे ओळखणं सोपं. वरच्या गिअरात, कमी वेगात ॲक्सिलरेटर जोरात दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तेवढा वाढला नाही, तर प्लेट सरकते आहे.

माथ्यावर वाघजाईचं देऊळ, चहा आणि भजी. खाली महाडचं कोकण धुरकट दिसत होतं. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट प्रशासन वाहतुकीला वरचेवर बंद ठेवतं, म्हणून पलीकडच्या बाजूचा माल आताच पोचवायची सगळ्यांची धावपळ.

उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे महाभाग अजून आहेत. आजच्या इंजिनात गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजेक्टर डिझेल जवळपास बंदच करतात, म्हणजे न्यूट्रलमध्ये उलट जास्त जळतं. वाचतं काही नाही आणि ब्रेक मात्र तापून पोकळ होतात. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, हा जुन्या चालकांचा नियम आजही चोख आहे. आणि अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हे २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमावलीतच लिहिलेलं आहे.

बुधवार. अंबाडखिंड

मांढरदेवीच्या वाटेवरचं छोटं भाडं, मंडपाचं सामान. पौषातल्या काळूबाईच्या जत्रेला याच घाटातून माणसांनी भरलेल्या पिकअप जाताना दिसतात. मालवाहू गाडीत माणसं भरणं कायद्यानं मना आहे. हौद्यात उभी माणसं वळणावर एका बाजूला झुकतात आणि गाडीचा तोल वर सरकतो, गोण्या तसं करत नाहीत. यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका पिकअपवाल्यानं मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवल्याचं अभिमानानं दाखवलं. १.७ टनाच्या गाडीत दोन-अडीच टन घालायची ही सोय. पण अनेक पिकअपना मागच्या ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारी झडप असते, आणि गाडीचा मागचा भाग किती खाली बसला यावरून ती वजन ओळखते. पाटा वाढवला की गाडी बसतच नाही. झडपेला वाटतं गाडी रिकामी आहे. वजन अडीच टन आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे! ही गोष्ट पाटे बसवणाऱ्या कारागिरानं गिऱ्हाइकाला सांगायला हवी.

गुरुवार. नसरापूर, मार्गासनी, वेल्हे

महामार्गावर परत येऊन चेलाडीवरून आत. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर. डावीकडे राजगड, समोर तोरणा. १४०३ मीटरचा तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. २०२४ मध्ये राज्य सरकारनं तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं ठरवलं, पण पंक्चरच्या दुकानात अजून ‘वेल्ह्याला जायचंय का?’ असंच विचारतात.

त्या दुकानात बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. मागचं डावं टायर दोन्ही कडांना घासलेलं होतं, मध्ये नक्षी शाबूत. म्हणजे बरेच दिवस हवा कमी. मध्येच गुळगुळीत झालं असतं तर हवा जास्त. पुढचं उजवं एकाच कडेला खाल्लेलं, म्हणजे अलाइनमेंट बिघडलेली. टायर असं सगळं स्वतःच सांगतं.

हवा किती, हे दाराच्या खांबावरच्या पट्टीवर छापलेलं असतं, पुढे वेगळी, मागे वेगळी, रिकाम्या आणि भरल्या गाडीला वेगळी. ती थंड टायरला मोजायची. इथे रीत अशी की घाट उतरून तापलेल्या टायरला मोजतात, आकडा जास्त दिसतो आणि हवा काढून टाकतात. सकाळी तेच टायर बसकं. बसकं टायर वजनाखाली जास्त वाकतं, वाकल्यानं तापतं, आणि टायर फुटण्याच्या प्रकारांत ही उष्णताच बहुतेकदा मूळ असते.

कायद्यानं चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांमध्ये त्या उंचीच्या बारीक पट्ट्या कारखान्यातच घातलेल्या असतात, रबर त्यांना टेकलं की टायर संपलं. पण वेल्ह्याच्या पावसाला १.६ पुरत नाही. कमी खोल खाचांतून पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि चाक पाण्याच्या थरावर तरंगतं. त्यात पिकअपची जात मागच्या चाकांनी ढकलणारी. हौदा रिकामा असला की मागे वजन नाही आणि ताठ पाट्यांवर मागचा भाग उड्या मारतो. भरल्या पिकअपपेक्षा रिकामी पिकअप ओल्या वळणावर जास्त घसरते, हे नवख्या चालकाला खरंच वाटत नाही. म्हणून चांगली जोडी मागे. रिमोल्ड टायर लावायचेच असतील तर तेही पुढच्या चाकांना कधीच नको.

शुक्रवार. केळद

भट्टी, पासली करत केळद. पुढे मढे घाट, तिथे गाडीची वाट संपते. तानाजी मालुसऱ्यांचं शव याच घाटानं कोकणात उमरठला नेलं, अशी परंपरा आहे. वाटेतले ओढे आता कोरडे. जुलैत याच फरशी पुलांवरून पाणी वाहतं.

संध्याकाळी वेल्ह्यात मागच्या क्राऊनचा (डिफरन्शिअलचा) नट खोलला तर आतलं तेल दुधी निघालं. पाणी! गेल्या पावसाळ्यातलं. तापलेलं हाऊसिंग थंड ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा हवा जायच्या छोट्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. पुढे दातांवर गंज, मग चालत्या गाडीत घूं-घूं आवाज. तेल बदलायला तासही लागत नाही. क्राऊन-पिनियन बदलायला मात्र अख्ख्या हंगामाची कमाई जाते. गिअरबॉक्सचं तेल बरं होतं. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारल्यावर गाडी उचलताना येणारा ‘टक’ आवाज थांबला.

डिझेल फिल्टरच्या तळाचा नळही सोडला. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली साचतं. जुन्या टाटा २०७ ला पाणी गेलं तर हातपंप मारून गाडी सुरू व्हायची. कॉमन रेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला डिझेल हेच वंगण, हजारहून जास्त बारच्या दाबाखाली. तिथे पाण्याचे थेंब म्हणजे थेट पंप खोलण्याचं काम, आणि ते वेल्ह्यात होत नाही.

शनिवार. पाबे घाट ते मार्केट यार्ड

वेल्ह्याहून इंद्रायणी तांदूळ घेऊन पाबे घाट, रांजणे, खानापूर. उतार पूर्ण दुसऱ्या-तिसऱ्यात, ब्रेकला अगदी कमी पाय. गुलटेकडीला माल उतरला, दुपारी अलाइनमेंट झाली आणि मागे नवी टायरजोडी चढली.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं. मालकाची तारीख दिवाळीनंतरची आहे. खरं तर या डोंगरात ती मृगाच्या आधीच असायला हवी. भोर-वेल्ह्यात ज्यांच्या पिकअप आहेत त्यांनी क्लच, टोपण, टायर आणि क्राऊनचं तेल या आठवड्यातच पाहून घ्यावं. पाऊस लागल्यावर गॅरेजात नंबर लागत नाही.