रात्र-दिवस नावाचं आडनाव

परदेशाहून परत आलेल्या बाईने काय सांगायचं ते जवळजवळ ठरलेलंच असतं. रस्ते कसे आरशासारखे, कोथिंबिरीच्या चार काड्यांना किती पैसे पडतात, आणि थंडी. हे सगळं माझ्याजवळही आहे, पण तुम्ही ते इतक्या जणींकडून ऐकलं असेल की मी त्यात भर घालत नाही. मैत्रिणींनो, मी तुम्हांला सांगणार आहे ते स्वीडनमधल्या एका आडनावाबद्दल. त्या आडनावाचा अर्थ आहे ‘रात्र आणि दिवस’.

माझी धाकटी बहीण स्टॉकहोमला असते. तिच्या बाळंतपणाला खरं तर आईने जायचं, पण तिच्या गुडघ्यांनी नकार दिला. मग शाळेच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा असं सगळं बोचकं घेऊन मीच गेले. जून महिना होता. तिकडे जूनमध्ये रात्र अशी होतच नाही म्हणा ना! दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि साडेतीनला पुन्हा दारात हजर. मधल्या वेळात आकाश नुसतं निळसर होऊन राहतं. पहिले चार दिवस रात्रीची झाकपाक करताना मला सारखं वाटायचं, अजून दिवेलागण झाली नाही आणि आपण ओटा काय पुसतोय!

मुलगी झाली. दोघी सुखरूप. आणि तिसऱ्या आठवड्यात नावाचा कागद पुढे आला. स्वीडनमध्ये मूल जन्मल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं नाव कळवावं लागतं, आणि कळवायचं कुणाला, तर करखात्याला. जन्मल्याबरोबर करवाल्यांशी ओळख! नाव आधीच ठरलेलं होतं. अडलं ते आडनावाशी.

आम्ही दोघी बहिणीच. भाऊ नाही. वडिलांना सख्खे-चुलत कुणी उरले नाहीत. आमचं माहेरचं आडनाव एका लहानशा गावावरून पडलेलं, आणि त्या गावात आज त्या नावाचं एकही घर नाही. माझं लग्न झालं तेव्हा मी नाव बदललं. मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. धाकटीने मात्र बदललं नव्हतं. आता तिचं म्हणणं, मुलीला माझंही आडनाव हवं. जावई समजूतदार आहेत, पण फोनवर आमची आईच म्हणाली, “अगं, मुलीची मुलगी ती. तिला आपलं नाव लावून काय करायचं?” वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

बहिणीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. शिक्षिका म्हटल्यावर माझं त्यांच्याशी लगेच जमलं. त्यांचं आडनाव अँडरसन. त्या देशातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच. सव्वा कोटीही वस्ती नसलेल्या देशात दोन लाखांहून जास्त अँडरसन! आमची आडनावाची कथा ऐकून त्या म्हणाल्या, “उद्या बाळाला आईजवळ ठेव आणि माझ्याबरोबर चल.”

त्यांनी मला नेलं ते रिडारहूसमध्ये. म्हणजे सरदारांचं घर. जुन्या स्टॉकहोममध्ये, पाण्याच्या काठाशी ही लाल विटांची देखणी इमारत आहे. सतराव्या शतकात बांधली. १८६६ पर्यंत देशाच्या संसदेतले सरदार लोक इथे बसत. दिवसातला थोडाच वेळ ती बघायला उघडी असते, तेव्हा जाणार असाल तर वेळ विचारून जा. वरच्या दालनात पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. चारी भिंती खालपासून वरपर्यंत तांब्याच्या पत्र्यांनी मढवलेल्या. एकेका पत्र्यावर एकेका घराण्याची ढाल रंगवलेली. २,३०० हून अधिक ढाली! आपल्याकडे जुन्या स्वयंपाकघरात फळीवर घासूनपुसून भांडी मांडलेली असतात ना, तशा.

या ढालींवरूनच कितीतरी आडनावं निघाली. मध्ययुगात सरदारांनाही आडनाव नसे. बेंग्टचा मुलगा तो बेंग्टसन, नीलसची मुलगी ती नीलसडॉटर, एवढ्यावर भागे. पुढे राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने १६२६ साली सरदारांची व्यवस्था लावून दिली आणि घराण्याला कायमचं नाव असणं आलं. मग ज्याच्या ढालीवर जे चित्र, तेच त्याचं आडनाव झालं. बैलाचं कपाळ आणि शिंगं असलेले उक्सनशेर्ना, म्हणजे ‘बैलकपाळे’. सोनेरी तारा असलेले युलनशेर्ना. होडीवाले बोट. आणि एक घराणं तर स्वीनहूवुद, म्हणजे सरळ ‘डुक्करडोके’! याच नावाचे एक गृहस्थ पुढे फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याकडची पोपट, वाघ, कोल्हे ही आडनावं ऐकून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आजींनी बोटाने दाखवली ती ढाल क्रमांक १३ ची. अगदी साधी. ना प्राणी ना तारा. वरचा अर्धा भाग सोनेरी, खालचा अर्धा निळा. बस्स. पाहणाऱ्याने त्यात दिवस आणि रात्र पाहिली आणि घराण्याला नाव पडलं ‘नात ओ दाग’. वर दिवस असून नावात रात्र आधी का, देव जाणे. मराठी कानाला तर हे नाव भलतंच गमतीचं लागतं. ‘नात’ म्हटलं की मुलीची मुलगी डोळ्यांपुढे येते, आणि ‘दाग’ म्हटलं की टेबलक्लॉथवरची हळद!

हे घराणं स्वीडनमधल्या आज हयात असलेल्या सगळ्यात जुन्या सरदार घराण्यांपैकी आहे. त्याचा माग १२८० पर्यंत लागतो. त्याच्या नावावर सगळं चांगलंच जमा आहे असं नाही. १४३४ साली एंगेलब्रेक्ट नावाच्या पुढाऱ्याने जुलमी अधिकाऱ्यांविरुद्ध खाणकामगार आणि शेतकरी उठवले. स्वीडिश लोक आजही त्याचं नाव मानाने घेतात. त्याचा १४३६ मध्ये एका सरोवरातल्या बेटावर खून झाला, आणि खून करणारा मोन्स बेंग्टसन याच घराण्यातला. पण १५२० साली डेन्मार्कच्या राजाशी लढताना जखमी होऊन मेलेला स्टेन स्टुरे हाही याच रक्ताचा. (त्याने लावलेलं ‘स्टुरे’ हे नाव मात्र घराण्यात बायकांच्या बाजूने आलेलं होतं.) नवरा गेल्यावर त्याची बायको क्रिस्तीना हिने स्टॉकहोम शहर कितीतरी महिने लढवलं. शेवटी माफीच्या वचनावर विश्वास ठेवून तिने दरवाजे उघडले. राजाने वचन मोडलं आणि नोव्हेंबरात भर चौकात ऐंशीच्या वर माणसं मारली. क्रिस्तीनाला कैद करून डेन्मार्कला नेलं. राजवाड्याच्या आवारात तिचा पुतळा आहे. आजींनी मला परत येताना वाट वाकडी करून तो दाखवला. ही नवऱ्याच्या नावाने ओळखली जात नाही बरं का. ती शेवटपर्यंत क्रिस्तीना नीलसडॉटर, नीलसची मुलगी, आणि इतिहासात ती माहेरच्या घराण्याच्या नावाने, युलनशेर्ना म्हणूनच आहे.

मला नवल वाटलं. आजी म्हणाल्या, पूर्वी आमच्याकडे हीच रीत. सरदाराची बायको असो की शेतकऱ्याची, लग्न झालं म्हणून तिचं नाव बदलत नसे. अँडर्सची मुलगी मरेपर्यंत अँडर्सडॉटरच. चर्चच्या जुन्या वह्यांत नवऱ्याचं नाव वेगळं आणि बायकोचं वेगळं, असं घर न् घर लिहिलेलं सापडतं. नवऱ्याचं नाव लावायची फॅशन एकोणिसाव्या शतकात शहरातून आली. १९०१ च्या कायद्याने प्रत्येक घराला कायमचं आडनाव ठेवणं भाग पडलं, आणि बापाच्या नावापुढचं ‘सन’ तिथल्या तिथे गोठलं. तेव्हापासून लाखो मुली ‘अँडर्सचा मुलगा’ या नावाने जन्मल्या आणि त्याच नावाने म्हाताऱ्या झाल्या. “मीसुद्धा त्यातलीच,” आजी म्हणाल्या, “माझ्या आजीची आजी निदान मुलगी तरी होती!” पुढे १९२० च्या विवाहकायद्याने तर बायकोने नवऱ्याचं नाव लावणं बंधनकारकच केलं. स्वतःचं नाव ठेवायची मुभा मिळायला १९६३ उजाडावं लागलं, आणि नवरा-बायकोंना सारखा हक्क १९८२ च्या कायद्याने मिळाला. आपण समजतो, जुन्या काळात बाईला नाव नव्हतं आणि नव्या काळाने ते दिलं. इथे नव्या काळाने आधी काढून घेतलं होतं.

पण मला रात्रभर (म्हणजे त्या निळसर उजेडात) झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. रिडारहूसमध्ये जितकी घराणी नोंदली गेली त्यांतली बहुतेक संपली. आज सहाशेहून थोडी अधिक हयात आहेत. घराण्यातला शेवटचा पुरुष मेला की त्याच्या अंत्यविधीला घराण्याची ढाल फोडायची, अशी त्यांची रीत होती. ढाल फुटली की नाव संपलं. शेवटचं सरदारपद १९०२ साली मिळालं ते तिबेटात हिंडलेले प्रवासी स्वेन हेडिन यांना. त्यांना मूलबाळ नव्हतं. १९५२ साली ते गेले आणि पन्नास वर्षांत ते घराणंही मिटलं.

मी विचारलं, “आणि मुली असल्या तर?” आजी म्हणाल्या, मुली असल्या तरी ढाल फुटायची. त्यांच्या भाषेत घराण्याला दोन बाजू असतात, तलवारीची आणि सूतकताईची. तलवारीची बाजू म्हणजे पुरुष, कताईची म्हणजे बायका. घराणं तलवारीच्या बाजूने संपलं की संपलं. एखादी लेक पुढे चाळीस वर्षं तेच नाव लावून जगली तरी वंशावळीत तिची नोंद कताईच्या बाजूला.

मला एकदम आमचे वडील डोळ्यांपुढे आले. फोनवर गप्प बसलेले.

आजी पुढे म्हणाल्या ते ऐका. या रात्र-दिवसवाल्यांच्या घराण्यात सगळ्यात पहिला ठाऊक असलेला पुरुष कोण? १२८० च्या सुमाराचा नीलस सिग्रिडसन. सिग्रिड हे पुरुषाचं नाव नव्हे, बाईचं. म्हणजे सिग्रिडचा मुलगा! आईचं घर मोठं असलं किंवा बाप लवकर गेला की त्या काळी मुलाला आईच्या नावाने ओळखत. साडेसातशे वर्षं तलवारीच्या बाजूने मोजत आलेल्या घराण्याचं मूळ शोधायला जावं, तर तिथे सिग्रिड नावाची बाई बसलेली! आज हे आडनाव देशात मोजक्याच लोकांचं आहे. निकलास नात ओ दाग नावाचे कादंबरीकार या घराण्यातलेच. १७९३ सालच्या स्टॉकहोमवरची त्यांची कादंबरी २०१७ मध्ये आली आणि कितीतरी भाषांत गेली.

या विरळ नावांची स्वीडिश कायदा फार काळजी घेतो. तिथलं सांख्यिकी खातं कुठलं आडनाव किती जणांचं आहे हे मोजून ठेवतं. २०१७ पासूनचा नियम असा की ज्या आडनावाची २,००० किंवा त्याहून जास्त माणसं आहेत ते कुणीही घ्यावं. उद्या मला अँडरसन व्हायचं असलं आणि मी तिथली रहिवासी असले, तर अर्ज करून होता येईल. पण त्याहून कमी माणसांचं नाव हे त्या घरचं. बाहेरच्याने मागून मिळायचं नाही. ते घरात जन्मून मिळतं किंवा लग्नाने मिळतं. त्याच कायद्याने आई आणि बाप अशी दोन्ही आडनावं एकापुढे एक लावायलाही परवानगी दिली. शिवाय आईबापाच्या नावाला ‘डॉटर’ जोडून आडनाव करता येतं. सिग्रिडची रीत पुन्हा कायद्यात आली म्हणायची.

घरी आले तो बहीण बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. तिला मी ढाल फोडायची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं, बाळाला पंचात गुंडाळलं आणि म्हणाली, “ताई, आपल्याकडे फोडायला ढालसुद्धा नाही ग.” मग दोघी हसलो, आणि हसताहसता माझं मलाच कळेना की मी डोळे का पुसतेय.

रात्री जेवणं झाल्यावर जावयांनी कागद भरला. आधी बहिणीचं आडनाव, मग त्यांचं. क्रमाबद्दल मी काही बोलणार होते, पण त्यांनीच लिहिलं होतं, तेव्हा गप्प बसले. दोन्ही मिळून अक्षरं इतकी झाली की रकाना जेमतेम पुरला. बिचारी पोर शाळेत पाटीवर नाव लिहायला शिकेल तेव्हा तिची आई बघून घेईल!

दुसऱ्या दिवशी फोन केला. आईने आधी अळीव संपले का ते विचारलं, मग नाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर म्हणाली, “इतकं लांब?” आणि फोन वडिलांकडे दिला. वडिलांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग म्हणाले, “त्या कागदाची एक प्रत इकडे पाठव. झेरॉक्स असली तरी चालेल.”