पाकिटावरची तारीख

कापलेल्या सलामीच्या पाकिटावर 'या तारखेपर्यंत वापरा' असं छापतात, ती तारीख ठरवणं माझ्या कामाचा भाग आहे. मांसप्रक्रियेच्या कारखान्यातला गुणवत्ता विभाग सांभाळताना यापेक्षा मोठी जबाबदारी मला दुसरी वाटत नाही. सलामी, हॅम लोक पाकीट फोडून तसंच खातात. मध्ये गॅसवर ठेवणं येतच नाही.

माझी नजर असते लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस या जिवाणूवर. मांसाच्या गाभ्याला ७० अंश सेल्सिअस दोन मिनिटं मिळाले की तो मरतो, तेव्हा शिजवण्याची मला चिंता नसते. चिंता पुढची. शिजलेला रोल सोलून स्लायसरवर चढतो तिथली. पात्यामागची फट, रबरी गास्केटची कड, पट्ट्याचा पोकळ रोलर, अशा जागी चरबीचा नखभर थर उरला तरी त्याच्या आडोशाला हा जिवाणू महिनोन्महिने तग धरतो. "मॅडम, मशीन कालच धुतलंय," लाइनवरचे दादा सांगतात, आणि ते खरंच धुतलेलं असतं. तरी मी स्क्रू काढायला लावते आणि आत जे दिसतं तिथे स्वॅब फिरवते. कॅनडात २००८ साली टोरांटोच्या एका कारखान्यातल्या कापलेल्या मांसामुळे वीसहून अधिक माणसं दगावली, तेव्हा बोट याच जागेकडे गेलं होतं: स्लायसरच्या आत खोलवर साचलेलं मांस.

आणि फ्रिज त्याला थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो. किती कमी, ते सांगणारं एक सुटसुटीत समीकरण रॅटकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये टास्मानियातून मांडलं. वाढीच्या वेगाचं वर्गमूळ तापमानाबरोबर सरळ रेषेत चढतं. ही रेषा उणे २ अंशांवर शून्याला टेकते असं धरलं, तर ४ अंशांना सहाचा वर्ग ३६ आणि ८ अंशांना दहाचा वर्ग १००. चार अंशांचा फरक, आणि वेग पावणेतीन पट! इतक्या साध्या गणितात इतकं सत्य सामावलेलं मी क्वचित पाहिलंय. युरोपात असा पदार्थ विक्रीत असेपर्यंत ग्रॅममागे १०० जिवाणूंची मर्यादा आहे, तीही ती ओलांडली जाणार नाही हे उत्पादकाने दाखवून दिलं तरच. ग्रॅमला एकच असला, तरी सातव्यांदा दुप्पट होताना तो १२८ वर जातो.

समीकरणात कुठलं तापमान घालायचं, हा खरा प्रश्न. आमच्या शीतगृहातलं घातलं तर तारीख छान लांब येते आणि विक्री विभाग खूश होतो. मी घालते ते दुकानातल्या फ्रिजचं, ज्याचं दार दिवसभर उघडत राहतं आणि जो वीज वाचवायला रात्री बंदही केला जातो.

तापमान आपल्या हाती नाही, म्हणून बाकीचे अडथळे आपण रचायचे. गोव्याच्या चोरीस या सॉसेजला व्हिनेगर, मीठ आणि सुकवणं यांचं संरक्षण असतं, वर ते शिजवूनच खातात. आमची सलामी ओलसर आणि सौम्य, तिचा सामू सहाच्या आसपास. म्हणून मिश्रणात सोडियम लॅक्टेट आणि डायअॅसिटेट घालतो. त्यांनी जिवाणू मरत नाही, पण वाढीला लागायला त्याला वेळ लागतो. जिथे परवडतं तिथे बंद पाकिटाला पाण्यात सहा हजार बारचा दाब देतात. तो मात्र मारतो.

पंचवीस ग्रॅमच्या नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून सगळा माल निर्धोक ठरत नाही. वासानेही कळत नाही. लिस्टेरिया वाढलेली सलामी ताज्यासारखीच दिसते, ताज्यासारखीच लागते. दक्षिण आफ्रिकेत २०१७–१८ मध्ये हजारावर लोक आजारी पडले आणि दोनशेवर गेले, त्यांत नवजात बाळं फार होती. खाणं आणि आजार यांत कधी कधी दोन महिन्यांहून जास्त काळ जातो, त्यामुळे उगम सापडेना. सोवेटोतल्या एका पाळणाघरातली मुलं आजारी पडली तेव्हा धागा पोलोनी या स्वस्त सॉसेजपर्यंत पोचला आणि ४ मार्च २०१८ रोजी आरोग्यमंत्र्यांनी कारखान्याचं नाव जाहीर केलं.

आईला साधा ताप येतो आणि पोटातलं बाळ जातं, असा हा आजार आहे. म्हणून लेबलच्या प्रत्येक बैठकीत मी एका ओळीसाठी भांडते: गरोदर स्त्रियांनी, वृद्धांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे वाफा निघेपर्यंत गरम करूनच खावं. जागा नाही म्हणतात. मग मी तारखेच्या शेजारचं घोषवाक्य काढायला सांगते.