काजळी धरलेली किल्ली

पुतण्याने किल्ल्यांचं दुकान काढायचं ठरवलं आणि गाळ्याचं भाडं ठरायच्या आधीच फोनवर मशीनं बघायला सुरुवात केली. रात्री जेवणं झाल्यावर माझ्याशेजारी येऊन बसायचा आणि एकेक चित्र सरकवत विचारायचा, "काका, यातलं कुठलं घेऊ?" मी चष्मा लावून बघायचो. समोर निळं-लाल रंगवलेलं मशीन असायचं आणि मला दिसायची बाबांची बैठक.

पुण्यात मंडईजवळच्या एका वाड्याच्या जिन्याखाली ती बैठक होती. उभं राहिलं तर डोकं पायरीला लागावं एवढीच उंची. एका जाड फळीला वाइस ठोकलेला. शेजारी गोणपाटात गुंडाळलेल्या कानशी: चपट्या, गोल, त्रिकोणी आणि एक सुईसारखी बारीक, जिला आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. एक हातोडी, तळहातावर मावेल एवढी ऐरण, रॉकेलची बाटली, तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक चिमणी. यातलं बरंचसं जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी हेरून आणलेलं. विजेचं कनेक्शन नव्हतं, आणि लागतही नव्हतं.

चिमणी उजेडासाठी नव्हती. किल्ली हरवलेलं कुलूप कुणी घेऊन आलं, की बाबा त्याच्या तोंडात बसेल अशी कोरी किल्ली निवडायचे आणि चिमणीच्या ज्योतीवर धरून काळी करायचे. मग ती कुलपात घालून हलक्या हाताने फिरवून बघायची. बाहेर काढली की त्या काळेपणात कुठेतरी टाचणीच्या डोक्याएवढी जागा चकाकत असे. आतला पत्ता, म्हणजे लिव्हर, तिथे अडलाय, एवढं कुलपाने सांगितलेलं असे. तेवढ्याच जागी कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा काजळी धरायची, पुन्हा आत घालायची. असं आठ-दहा वेळा. एक हात जास्त पडला तर किल्ली वाया, पुन्हा पहिल्यापासून. या कामात बाबा बोलत नसत, आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईकही आपोआप गप्प होई. शेवटी कुलूप उघडताना जो 'खट्' आवाज यायचा, तो आजही मला झोपेत ओळखू येईल.

हे ते शिकले कुठे? 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरातला चिखल उपसला, पण ट्रंका, कपाटं, दाराची कुलपं गाळाने भरून गेली होती आणि किल्ल्या वाहून गेल्या होत्या. बाबा तेव्हा एका कारागिराच्या हाताखाली होते. कित्येक आठवडे दोघांनी दुसरं काहीच केलं नाही. कुलूप रॉकेलमध्ये भिजवायचं, खोलायचं, पत्ते काढून पुसायचे, आत काय आहे ते बघून किल्ली घासायची. आयुष्यभरात जेवढी कुलपं आतून बघायला मिळाली नसती तेवढी त्यांनी त्या पावसाळ्यात बघितली. लोकांच्या संसाराची ती मोडतोड आठवली की त्यांचा आवाज जड व्हायचा. पण हात तिथेच तयार झाला, हेही ते सांगत.

ऐंशीच्या दशकात पुणं बदलू लागलं. वाडे पडून इमारती उठल्या. कडी-कोयंड्याला लावायची जड कुलपं जाऊन दारादारांत नाइट लॅच बसले. म्हणजे लायनस येल (धाकटे) यांनी अमेरिकेत 1861 आणि 1865 साली ज्याची पेटंटं घेतली, ते पिनांचं कुलूप पुण्यात प्रत्येक मजल्यावर आलं. एका फ्लॅटला चार किल्ल्या हव्या असत. शिवाय स्कूटर! आकुर्डीहून 1972 पासून चेतक बाहेर पडत होती आणि मंडईत भाजी घ्यायला येणाऱ्याला एक जादा किल्ली करून हवी असे, तीही भाजीची पिशवी भरेपर्यंत. कानस या वेगाला पुरी पडेना. मग बाबांनी वरच्या बिऱ्हाडातून वायर ओढून घेतली आणि पहिलं मशीन आलं.

त्याची रचना साधी होती, आणि आजही त्या जातीच्या मशीनची तीच आहे. दोन जबडे. एकात मूळ किल्ली, दुसऱ्यात कोरी. मुळावरून एक बोट सरकतं आणि त्याच्याशी जोडलेल्या हालचालीने कोरी किल्ली फिरत्या कटरवर घासली जाते. मिनिटभरात किल्ली तयार. मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि मला वाटलं, बाबांचे कष्ट संपले.

एकदा एक बाई किल्ली घेऊन आल्या. मशीनवर कापून दिली. लागली नाही म्हणून परत आल्या. पुन्हा कापली, पुन्हा तेच. बाबांनी ती किल्ली उजेडात धरली आणि म्हणाले, "ही मूळ नाही. नकलेची नक्कल आहे, तीही झिजलेली." अनेक पिन कुलपांत एका खाचेची खोली आणि तिच्या पुढच्या पायरीची खोली यांत जेमतेम 0.4 ते 0.6 मिलिमीटरचं अंतर असतं. प्रत्येक नकलेत केसभर चूक शिरली, तर तिसऱ्या-चौथ्या पिढीत खाच दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. मशीन बिचारं झीजसुद्धा इमानाने उतरवतं. बाबांनी प्रत्येक दात मुळात कुठल्या पायरीचा असेल ते नजरेने ठरवलं, थोडं जास्त उंच ठेवून कापलं आणि उरलेलं कानशीने आणलं. बाईंचं दार उघडलं.

ही गोष्ट मी पुतण्याला सांगितली तेव्हा तो एकदम सावरून बसला. "काका, कोडवर चालणारं मशीन हेच करतं!" आणि खरंच, तेच करतं. ते किल्ली तपासतं, प्रत्येक खाच कुठल्या पायरीची ते ओळखतं आणि झिजलेला आकार सोडून कंपनीच्या मापाने नवी कापतं. मूळ किल्ली नसली तरी कोडवरून किल्ली होते. मला इतका आनंद झाला! चाळीस वर्षं मला वाटत होतं, की बाबांची विद्या त्या जिन्याबरोबर पाडली गेली. तिला मधल्या नकलेच्या मशीनने बाजूला सारलं होतं, पण आता नवं मशीन तिच्याचकडे वळलंय. बाबा कुलपाला विचारून मुळापर्यंत जात, हे मापाच्या तक्त्याला विचारून जातं.

म्हणून त्याला मी सांगितलं ते असं. काही हजारांत मिळणारं नकलेचं मशीन आधी घे, कारण रोजची भाकरी त्यावर आहे, पण ते वजनदार, ओतीव अंगाचं घे. हलकं मशीन थरथरतं, आणि थरथरीत कापलेली किल्ली कुलपात अडकते. पितळी किल्लीला साधा कटर चालतो, पण स्टीलच्या किल्ल्या कापायच्या तर कार्बाइडचा लागतो, आणि तो आपटला तर त्याचे दात उडतात. जबड्यात पितळेचा कीस साचला की किल्ली तिरकी बसते, तेव्हा प्रत्येक किल्लीनंतर ब्रश फिरव. डोळ्यांवर चष्मा हवाच. बाबांनी कधी लावला नाही, आणि एकदा कणासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धावावं लागलं. कोडचं मशीन लाखाच्या वर जातं, ते सहा महिन्यांनी घे. बाजारात जिला कॉम्प्युटर किल्ली म्हणतात, ती अंगावर खळगे असलेली किल्ली आणि गाड्यांची मधोमध नागमोडी चर असलेली किल्ली त्यावर होईल. गाडीच्या किल्लीतली चिप जुळवायचं यंत्र त्याच्याही नंतर. आता चेतक विजेवर धावते आणि तिच्या काही प्रकारांना भोकात घालायची किल्लीच लागत नाही, खिशात फोब असला की झालं. हे काम वाढत जाणार आणि कानशीचं कमी होणार, हे मला दिसतं. तरी पहिलं वर्ष त्याने वाइसवर हात बसवावा, याबाबत मी हट्ट सोडला नाही.

आणखी एक गोष्ट. कधीमधी एखादा माणूस साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा उमटवून आणायचा. बाबा वडी परत करायचे आणि म्हणायचे, "कुलूप घेऊन या, नाहीतर घरमालकाला घेऊन या." ज्यांना किल्ली करून दिली त्यांची नावं लिहिलेली वही त्यांच्या पेटीत असे. आता ठसा फोनवर फोटो होऊन येतो, आणि चांगल्या फोटोवरून खाचा मोजता येतात. पुतण्याने स्वतःहून विचारलं, "फोटोवरून करून द्यायची का?" मी बाबांची वही काढून त्याच्या हातात दिली.

गेल्या महिन्यात दोघं मुंबईला गेलो. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची आणि मशीनची दुकानं दाटीने उभी आहेत. पुण्यात आम्ही किल्ली म्हणतो, तिथे प्रत्येक जण चावी म्हणत होता. पोर्तुगीजांकडून आलेला तो शब्द ऐकून मला उगीच परक्या गावात आल्यासारखं वाटलं. दुकानदाराने मशीन सुरू करून झर्रकन एक चावी कापून दाखवली. पुतण्या म्हणाला, "बंद करा जरा." मग त्याने खिशातून एकाच मापाच्या दोन कोऱ्या किल्ल्या काढल्या, दोन्ही जबड्यांत घट्ट बसवल्या, बोट एकीला टेकवलं आणि कटर हाताने सावकाश फिरवला. कटर दुसऱ्या किल्लीला नुसता स्पर्श करून जायला हवा होता. तो खरवडत गेला. पुतण्याने वाकून, कान जवळ नेऊन पुन्हा एकदा फिरवला.

"हे नको," तो म्हणाला. "दुसरं दाखवा."