पहाटेचा आकडा

एरवी आमच्या निफाड तालुक्याची विचारपूस होते ती कांद्याच्या भावापुरती. लासलगावात कांदा काय भावानं गेला एवढं कळलं, की बाहेरच्यांना आमच्याशी फारसं कर्तव्य उरत नाही. पण मार्गशीर्ष सरत येतो, हरभऱ्याच्या पानांवर सकाळची आंब चढू लागते, आणि एके दिवशी अंदाज येतो : उत्तर महाराष्ट्रात थंडीची लाट, किमान तापमानात तीन ते चार अंशांनी घट. मग साऱ्या राज्याचे कान आमच्या गावाच्या नावाकडे लागतात. निफाड 8. निफाड 6. निफाड 5. मुंबईतला माणूस गरम चहाचा पेला हातात धरून तो आकडा वाचतो, 'बापरे' म्हणतो, आणि त्याच्याही अंगावर क्षणभर शहारा येतो. आम्ही मात्र तो आकडा वाचत नाही. आम्ही तो अंगावर घेतो.

ही थंडी फार लांबून येते. भूमध्य समुद्राच्या बाजूला कुठेतरी हवेचा एक भोवरा जन्माला येतो, इराण-अफगाणिस्तान ओलांडत काश्मीर-हिमाचलाच्या माथ्यावर बर्फ झाडतो आणि पूर्वेला निघून जातो. तो गेल्यावर, त्यानं मोकळ्या करून दिलेल्या वाटेनं, बर्फाला शिवून आलेला कोरडा वारा पंजाबच्या शेतांवरून, राजस्थानच्या रेतीवरून खाली उतरू लागतो. तापीच्या खोऱ्यात येतो तेव्हा धुळं-जळगाव एका रात्रीत गारठून जातं. मग सातमाळ्याच्या खिंडी शोधत, धोडपच्या कातळाला वळसा घालत तो गोदाकाठच्या या सपाटीवर पोचतो, दिवसभर झाडांची पानं सळसळवतो, कानाच्या पाळ्या लाल करतो, ओठ उलवतो. संध्याकाळी तो पडतो.

वारा पडला की खरी थंडी सुरू होते.

कारण आता आभाळ अगदी रितं असतं. ढग म्हणजे या मातीच्या अंगावरची वाकळ; ती कुणीतरी ओढून काढलेली असते. दिवसभर उन्हात तापलेली जमीन आपली ऊब वर सोडत राहते, आणि ती अडवायला, परत खाली पाठवायला वर कुणीच नसतं. चांदण्या अशा लखलखतात, की त्यांचा आवाज येईल असं वाटावं. मृग नक्षत्र माथ्यावर येतं, व्याध निळा-पांढरा थरथरतो, आणि पायाखालची ढेकळं निवत निवत जातात. एवढ्या सुंदर आभाळाची भीती वाटावी, हे आमच्याकडच्या माणसालाच ठाऊक. ढग आले तर द्राक्षावर रोग, आणि ढग गेले तर ही थंडी. बागाईतदार रात्री अंगणात उभा राहून वर पाहतो, तेव्हा काय मागावं हे त्याचं त्यालाही कळत नसतं.

हवामान खात्याचं थंडी मोजण्याचं एक मोजमाप आहे. सपाटीच्या प्रदेशात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली यावं आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी घसरावं, म्हणजे ती लाट. घसरण 6.4 अंशांच्याही पलीकडे गेली, तर तीव्र लाट. आणि पारा 4 अंशांवर आला तर सरासरी बघायचीच नाही, ती लाटच; 2 वर आला, तर तीव्र. 'सरासरीपेक्षा' या शब्दापाशी मी दर वेळी थांबते. त्यात एक खोल समजूत आहे. थंडी म्हणजे फक्त किती उणं झालं ते नाही, तर ज्याची सवय होती त्यापासून किती दूर जावं लागलं ते. 22 जानेवारी 1962 ला मुंबईत सांताक्रूझला 7.4 अंश नोंदले गेले. दिल्लीच्या जानेवारीत तेवढ्या थंडीला कुणी मान वर करून पाहणार नाही. पण ज्या शहराच्या कपाटांत रजईच नव्हती, खिडक्यांच्या फटी बुजवण्याची ज्याला कधी गरज पडली नव्हती, त्या शहरानं ती रात्र कशी काढली असेल?

पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेची ती दगडी इमारत आहे. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून तिथे आलं, म्हणून लोक आजही तिला शिमला ऑफिस म्हणतात. मला ते नाव फार आवडतं. बर्फाच्या गावाचं नाव पुण्याच्या उन्हात येऊन राहिलं, आणि उत्तरेतून निघालेली थंडी कुठवर आली हे आम्हाला पहिल्यांदा कळायचं ते तिथूनच. लहानपणी आमच्या घरी आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या सात पाचच्या बातम्या लागत. त्या बातम्यांच्या शेवटी हवामान येई. तेवढ्यापुरतं सगळं घर थांबायचं. आजीचा भाकरी थापणारा हात परातीवर तसाच राहायचा, आबा मफलर कानावरून बाजूला सारायचे, आणि बंबातल्या लाकडाचा चरचर आवाजच काय तो मध्ये यायचा. निवेदिकेच्या शांत, स्वच्छ आवाजात तो आकडा यायचा, आणि आबा आमच्यापैकी कुणाकडेच न पाहता म्हणायचे, "आज बाग जागवावी लागंल."

तो आकडा जिथून येतो, ती जागा आमच्या घरापासून फार लांब नाही. कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र. तिथे हिरव्या गव्हाच्या मधोमध चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी आहे, चारी बाजूंना झडपा असलेली. आत ऊन शिरत नाही, वारा शिरतो. त्या पेटीत एक तापमापक आडवा ठेवलेला असतो. त्याच्या नळीत पारा नसतो, स्पिरिट असतं, आणि स्पिरिटात बुडालेली एक इवलीशी गडद कांडी. रात्र चढत जाते तसं स्पिरिट आकसतं, मागे मागे सरकतं, आणि जाता जाता त्या कांडीलाही सोबत ओढून नेतं. पहाट होते. उजाडताना, सूर्य उगवण्याच्या जरा मागेपुढे, सगळ्यात थंड घटका येते आणि जाते. मग ऊन येतं, स्पिरिट पुन्हा पुढे वाहू लागतं, कांडीला ओलांडून जातं. कांडी तिथेच राहते. सकाळी साडेआठला माणूस येऊन झडप उघडतो, तोवर गव्हावरचं दव उडायला लागलेलं असतं, शाळेची पोरं सायकलींवरून गाणी म्हणत निघालेली असतात, रात्र झाली होती की नाही असं वाटावं इतकं सगळं उजळलेलं असतं. पण रात्र कुठवर खाली गेली होती, ते त्या कांडीनं सोडलेलं नसतं.

माणसांतही मी अशी माणसं पाहिली आहेत.

या सगळ्यात गव्हाला मात्र आनंद असतो. थंडी पडली की त्याला फुटवे फुटतात, ओंबी भरायला सवड मिळते. हरभराही खूश असतो. एकाच बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे एकच रात्र दोन तऱ्हांनी पडते : इकडे गहू डोलतो आणि तिकडे द्राक्षाचा मणी तडकतो. ऑक्टोबरात छाटलेली बाग या दिवसांत भरात आलेली असते. मण्यांची फुगवण चालू असते, कुठे त्यांत पाणी उतरू लागलेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी मुळं गारठून काम थांबवतात. फुगवण अडते. पांढऱ्या द्राक्षात नको ती गुलाबी झाक येते. रात्री 4 आणि दुपारी 28, एवढी ओढाताण ती पातळ साल तरी किती सोसणार?

म्हणून बाग जागवायची. बांधावर, दोन ओळींच्या मध्ये, ओलसर काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटवायच्या, जाळापेक्षा धूरच जास्त होईल अशा. तो धूर वेलींच्या मांडवाखाली पसरतो, आभाळाचं काम थोडा वेळ अंगावर घेतो. पहाटे मोटर सुरू करून ठिबकनं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा किती तरी ऊबदार असतं, हौदात पडताना त्यातून वाफा निघतात. शेतीची वीज बरेचदा रात्रीच येते, तेव्हा गव्हाला बारं द्यायला उघड्या पायांनी चिखलात उभं राहिलेला माणूस शेजारच्या शेतात असतोच. अंधारात त्याची बॅटरी हलताना दिसते. मी आबांच्या मागे मागे अशी बागेत हिंडले आहे, आजीनं डोक्यावरून गळ्यापर्यंत करकचून बांधलेल्या शालीत, धुरानं डोळे चुरचुरत असताना. आबा मध्येच थांबून एखादा घड तळहातावर तोलायचे, तोडायचे नाहीत, नुसते धरायचे, आजारी लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तितक्या हलक्या हातानं, आणि पुढे जायचे. त्यांच्या तळहाताची ऊब त्या घडाला कितीशी पुरणार होती?

तरी ते प्रत्येक ओळीत थांबायचे.

2018 च्या डिसेंबरअखेरीस निफाडचा पारा 2 अंशांच्याही खाली गेला. त्याच लाटेत, 29 डिसेंबरला, नागपुरात 3.5 अंश नोंदले गेले. आमच्याकडे पारा तळाला गेला त्या सकाळी पानांवरचं दव ओघळलं नाही, वाजलं. बोट लावलं तर पापुद्रा निघाला, काचेसारखा, आणि उन्हात धरला तर त्यात सात रंग दिसले. मुलं हरखली होती. मोठी माणसं बोलत नव्हती.

नांदूर मधमेश्वरला मात्र अशा सकाळी पाण्यावर नुसती गर्दी असते. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथल्या त्या उथळ जलाशयावर, धुक्यात, थापट्या बदकं माना खाली घालून चरत असतात, तलवार बदकांच्या लांब शेपट्या पाण्यावर काळ्या रेघा ओढतात. हिमालयापलीकडे, मध्य आशियात, सैबेरियात गोठलेलं पाणी मागे टाकून ही पाखरं इथे येतात. आम्हाला दातखीळ बसवणारी ही पहाट त्यांच्या लेखी आसरा आहे. कानटोपी खाली ओढत काठावर उभी असताना मला त्यांचं फार अप्रूप वाटतं, आणि मग आठवतं की त्यांच्याजवळ पिसं आहेत.

पिसं नसलेले पाहुणेही याच दिवसांत येतात. ऊस तोडायला आलेल्या माणसांच्या कोप्या गावाबाहेर पडतात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या. मेंढपाळांचा वाडा कुणाच्या तरी मोकळ्या रानात उतरतो. इथे मला त्या पांढऱ्या पेटीची आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असते. उभ्या माणसाच्या छातीएवढी. वारा पडलेल्या निरभ्र रात्री त्या उंचीवरची हवा आणि जमिनीलगतची हवा यांत काही अंशांचा फरक पडतो. म्हणून तर पेटीत 3 अंश असतानाही गवतावर दव गोठतं. वर्तमानपत्रात छापून येतो तो छातीच्या उंचीवरचा आकडा असतो. कोपीत पाचटावर पोतं अंथरून झोपलेलं लेकरू त्या आकड्याच्या खाली झोपलेलं असतं. त्याची आई पहाटे तीनला उठते, त्याच्याभोवती होतं नव्हतं ते सगळं गुंडाळते, आणि फडात जाते. उसाचं पातं त्या वेळी दवानं थंडगार, धारदार असतं. मेंढक्या तेवढा शहाणा, की तो दोन दिवसांची कोकरं डालग्याखाली झाकतो आणि स्वतः वर घोंगडी टाकून डालग्याला टेकून बसतो.

पूर्वी थंडी आल्यावर कळायची. आता ती निघाल्याचंही कळतं. कोणत्या जिल्ह्यावर पिवळा इशारा, कोणत्या जिल्ह्यावर नारिंगी, हे तीन-चार दिवस आधी आपल्या हातातल्या फोनवर येऊन पडतं. माणसाच्या ज्ञानानं आपल्याला हे तीन-चार दिवस मिळवून दिले आहेत, आणि मला ते फार मोठे वाटतात. द्राक्षवाला तेवढ्यात काडीकचरा जमवतो, पाण्याची पाळी ठरवतो. तेवढ्यात आपणही काही करू शकतो.

यंदा तो अंदाज आला की आकडा वाचून थांबू नका. गावाजवळ तोड कुठे चालू आहे, पुलाखाली किंवा बसस्थानकाच्या आडोशाला कोण निजतं, ते विचारा. अंधार पडायच्या आत एक घोंगडी, अंगाखाली घालायला एक जाड सतरंजी आणि पोरांसाठी कानटोप्या तिथे पोचवा. थंडी जमिनीतून चढते, तेव्हा पांघरुणाइतकंच अंथरूणही लागतं. आणि तिथल्या बाईला एवढं नक्की सांगा, की जाळ कोपीच्या बाहेर ठेव. झोपताना निखाऱ्याची पाटी आत घेऊ नकोस, बंद जागेत त्याचा वायू न दिसता जीव घेतो.